कुलूप लागते, शंका सुटत नाही

'मला कपाट नीट लावलेलेच लागते, माझे थोडे ओसीडी आहे,' असे वाक्य हल्ली कार्यालयांत, महाविद्यालयांत आणि लोकलच्या डब्यातही सहज कानी पडते. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर या आजाराचे हे लघुनाव टापटिपीचे बिरुद म्हणून मिरवले जाऊ लागले आहे. दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्याच महिन्यात ओसीडीविषयी जागृती सप्ताहही पाळला जातो. नाव सर्वतोमुखी झाले. आजार मात्र अनोळखीच राहिला. या गैरसमजाची किंमत मोजावी लागते ती रुग्णाला आणि त्याच्या घराला.

मुळात ओसीडी हा स्वच्छतेचा नव्हे, तर संशयाचा आजार आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग नको असताना मनात घुसणाऱ्या विचारांचा. हात अस्वच्छ राहिले असतील, गॅस चालू राहिला असेल, आपल्या हातून कोणाला इजा होईल, अशा विचारांनी जीव कासावीस होतो. दुसरा भाग ती अस्वस्थता शमवण्यासाठी केलेल्या कृतींचा. धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात जप करणे किंवा इतरांना पुन:पुन्हा विचारणे, अशी त्याची रूपे असतात. कृती केली की क्षणभर बरे वाटते आणि शंका पुन्हा डोके वर काढते. हे निरर्थक आहे, हे बहुतेक रुग्णांना कळत असते. कळूनही थांबता येत नाही, हेच या आजाराचे दु:ख.

मिरा-भाईंदरमधील पेणकरपाड्यासारख्या वस्तीत हे दु:ख कसे दिसत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. दहिसर चेकनाक्यालगतच्या या भागातून रोज सकाळी हजारो माणसे कामासाठी मुंबईकडे निघतात. अशा माणसाला दाराचे कुलूप लागले की नाही, ही शंका जिन्यावरून तीनदा आणि रिक्षाच्या रांगेतून पुन्हा एकदा परत आणते. ठरलेली लोकल सुटते, हजेरीवर लाल शेरा पडतो. घर एका खोलीचे, पाणी ठरावीक वेळेपुरते. त्यात एकाच व्यक्तीची आंघोळ तासभर चालली, तर उरलेल्या चौघांचा दिवस कोलमडतो. शेजारी याला 'स्वभाव' म्हणतात, नातेवाईक 'नाटक' म्हणतात आणि रुग्ण गप्प राहतो.

गप्प राहण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते अधिक गंभीर आहे. हात धुणारा रुग्ण निदान दिसतो तरी. पण अनेकांचा आजार पूर्णपणे मनातच चालतो. तान्ह्या बाळाला आपल्या हातून काही होईल की काय, या विचाराने एखादी आई सुरी लपवून ठेवते. एखाद्या भाविकाच्या मनात नेमके देवासमोर अभद्र शब्द येतात. विचार आला म्हणजे आपण तसेच आहोत, असे त्यांना वाटते आणि लाजेपोटी ते कोणाकडेही बोलत नाहीत. वस्तुस्थिती उलट आहे. हे विचार इच्छेतून येत नाहीत. रुग्णाला जे सर्वात प्रिय किंवा पवित्र असते, त्यालाच ते नख लावतात, म्हणून तर त्याचा थरकाप होतो.

असे विचार निरोगी माणसांनाही येतात. रॅचमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी १९७८ मध्येच ते दाखवून दिले होते. सहा खंडांतील १३ देशांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी असे अनाहूत विचार अनुभवल्याचे सांगितले. फरक इतकाच, की इतरांच्या मनातून ते निघून जातात. ओसीडीत त्यांना अर्थ चिकटतो आणि मग कृतींची साखळी सुरू होते.

आपल्याकडे यासाठी 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहे. मंत्रसाधनेत चूक झाल्याने माणूस चळतो, अशी त्यामागची समजूत. शब्द बोलका असला, तरी तो दोष रुग्णाच्या माथी मारतो. सोवळ्याओवळ्याच्या परंपरेमुळे तर आजार कोठे सुरू झाला, हे घरच्यांना अनेकदा उमगतही नाही. ओळखण्याची खूण साधी आहे. श्रद्धेने केलेली पूजा संपते आणि समाधान देते; सक्तीने केलेली कृती संपत नाही आणि समाधानही देत नाही. विचार आणि कृती यांत रोज तासाभराहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यापायी नोकरी, शिक्षण वा नाती विस्कटत असतील, तर तज्ज्ञांकडे जायला हवे. हा आजार बहुधा बालपणात, पौगंडावस्थेत वा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणून पालकांनी विशेष सावध असावे.

घरच्यांची भूमिका येथे निर्णायक ठरते. 'लागलंय कुलूप, मी पाहिलंय,' असे दहा वेळा सांगणारी पत्नी किंवा मुलीसाठी दिवसातून चारदा चादरी धुणारी आई हे सारे मायेपोटीच करते. पण दर वेळी मिळणारा दिलासा आजाराला खतपाणीच घालतो, कारण शंका सहन करण्याची संधी रुग्णाला मिळतच नाही. याचा अर्थ एकदम हात झटकावेत किंवा रागवावे, असा नव्हे. उपचारकांच्या सल्ल्याने, रुग्णाला विश्वासात घेऊन, हे साहाय्य टप्प्याटप्प्याने कमी करायचे असते.

उपचाराचे तत्त्वही हेच आहे. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरील अशा उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, ही त्यांची पद्धत पुढे विकसित झाली आणि आज ती ओसीडीवरील प्रमुख मानसोपचार मानली जाते. जोडीला मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणारी औषधे दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला दहा-बारा आठवडेही लागतात. 'गुण येत नाही' म्हणून तिसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडून देणे, ही म्हणूनच मोठी चूक ठरते.

उपचार आहेत, तर मग अडते कोठे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ओसीडीचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या मिरा-भाईंदरला हे प्रमाण लावले, तर रुग्णांची संख्या काही हजारांत जाते. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, हाही त्याच सर्वेक्षणाचा निष्कर्ष होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. पण विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो, आणि ओसीडीचे उपचार चालतात ते प्रामुख्याने बाह्यरुग्ण विभागात, आठवड्यामागून आठवडे. कायद्याचा हक्क आणि रुग्णाची गरज यांची येथे चुकामूक होते. घोडबंदर मार्गाने ठाणे गाठले, तर १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली आयपीएच संस्थाही तेथेच आहे. पण दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तेथे जाणे किती जणांना परवडेल? हे उपचार पालिकेच्या दवाखान्यांपर्यंत यायला हवेत. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमावे लागतील. तोवर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली १४४१६ ही 'टेलिमानस' दूरध्वनी सेवा पहिली पायरी ठरू शकते.

शासनाचे काम शासनाने करावेच. पण शब्द जपून वापरण्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. टापटिपीला टापटीप म्हणावे आणि आजाराला आजार. जिन्यावरून चौथ्यांदा परत फिरणाऱ्या शेजाऱ्याला हसण्याऐवजी 'यावर उपचार आहेत' एवढे कोणी सांगितले, तरी त्याची कित्येक वर्षे वाचू शकतील.