अकराव्या तासाचे मजूर

नाताळच्या उपासनेत माझे लक्ष नव्हते, हे आधीच कबूल करतो. चर्चच्या दाराशी माझ्या चुलतभावाची नवी मोटारसायकल उभी होती. आम्ही दोघे एकाच वर्षी दहावी झालो. तो आय.टी.आय. करून चाकणच्या कारखान्यात लागला. मी कलाशाखेत आलो आणि सध्या एक विषय मागे ठेवून दुसऱ्या वर्षात आहे. दानपिशवी फिरली तेव्हा त्याने पाचशेची नोट टाकली. मी दहाची टाकली, तीही घडी घालून.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्रही असेच करतो. पुनरुत्थित प्रभू त्याला त्याचा पुढचा मार्ग, त्याचे मरणसुद्धा सांगतो. आणि हा मागे वळून दुसऱ्या शिष्याची चौकशी करतो! प्रभू त्याला गप्प करतो. मला मात्र पेत्र त्यामुळेच जवळचा वाटतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला सर्वांना ठाऊक असेल. पहाटेपासून राबलेल्यांना आणि संध्याकाळी तासभर आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. हा अन्याय आहे असे मला लहानपणापासून वाटे. माझे वडील मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभे राहतात. काम मिळाले तर ठीक, नाही तर डबा तसाच घरी येतो. दाखला वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मालक पाच येळा आला बघ अड्ड्यावर. आमच्याकडं दहानंतर कुनी फिरकत न्हाई."

मी कुरकुरणाऱ्यांच्या रांगेतून वाचत होतो, ते उरलेल्यांच्या रांगेतून ऐकत होते. संध्याकाळचे ते मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. आणि तरीही ते घरी गेले नव्हते.

आपल्या भाषेतच पाहा. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात नवऱ्याच्या पावलावर पाऊल टाकण्याची घाई त्यांनी केली नाही. स्वतःला पटल्यावरच त्या आल्या. शाळेत न गेलेल्या या बाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. त्या नुसत्या वाट पाहत बसल्या नव्हत्या. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले.

म्हणूनच 'देवाची वेळ' हे शब्द आपण फार स्वस्त केले आहेत असे माझे मत आहे. माझा विषय राहिला तो अभ्यास न केल्यामुळे. त्यात देवबापाला ओढण्याचे कारण नाही. त्याहून वाईट म्हणजे हे शब्द आपण दुसऱ्याच्या तोंडावर फेकतो. माझी थोरली बहीण आठवीत शाळेतून निघाली तेव्हा नातेवाईक म्हणाले, देवाची वेळ आली की शिकेल. तो उशीर देवाचा नव्हता, आमच्या खिशाचा होता. आणि खरे सांगायचे तर मुलगी म्हणून होता. त्याच खिशातून पुढे माझी फी निघाली.

या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची तयारी चालवली आहे. तिच्याबरोबरच्या मुलींची मुले आता शाळेत जातात. ती ते हसत सांगते आणि बीजगणित काढून बसते. अडलेले उदाहरण मला विचारते. मला येत नाही. मग रविवारी चुलतभावाला फोन लावतो, त्याला येते.