रेडॉन तपासणाऱ्याकडे परवाना हवाच

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. नातवंड झाले की आजी-आजोबा तिकडे जाऊन सहा सहा महिने राहतात. अशा मंडळींकडून अलीकडे एक नवाच प्रश्न येतो. "डॉक्टर, मुलगा न्यू जर्सीत घर घेतोय, त्यात रेडॉन निघालाय म्हणे. हे काय असतं?" एका आजोबांना तर ती वाळवीसारखी काही कीड वाटली होती.

रेडॉन हा वायू आहे. जमिनीत आणि खडकांत युरेनियम थोडेफार सगळीकडेच असते. त्याचे पुढे रेडियम होते आणि रेडियमपासून हा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर तो हवेत विरून जातो. पण थंड मुलखातील घरे बंदिस्त, खाली तळघर, आणि हिवाळ्यात महिनोन् महिने खिडक्या बंद. जमिनीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून वायू आत शिरतो आणि साचतो. त्याच्यापासून तयार होणारे किरणोत्सर्गी कण श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतात आणि तेथील पेशींना इजा करतात. रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० माणसे दगावतात, असा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपानाच्या खालोखाल हेच कारण. सिगारेट ओढणाऱ्याला तर धोका कितीतरी पटीने जास्त. (आपली घरे वारा खेळता असलेली, बहुतेकांना तळघर नाही, त्यामुळे वायू साचायला वाव कमी.)

हा प्रश्न तिकडे चव्हाट्यावर आला तो १९८४ च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. तेथील स्टॅनले वॉट्रस या अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सर्ग असल्याचा इशारा यंत्र देऊ लागले. केंद्र तर अजून सुरूच झालेले नव्हते! शोध घेता तो प्रकार त्यांच्या राहत्या घरातून येत असल्याचे आढळले. घरातील रेडॉन लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी इतका होता. ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आढळला तर घराची दुरुस्ती करावी, असे पर्यावरण संस्था सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी त्याहूनही खाली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हा वायू मोजायचा कोणी?

पेनसिल्व्हेनियाने १९८७ मध्ये कायदा केला की पैसे घेऊन दुसऱ्याचे घर तपासायचे असेल तर राज्याचे प्रमाणपत्र पाहिजे. न्यू जर्सी, इलिनॉय, फ्लोरिडा येथेही असे कायदे आहेत. पण सर्व राज्यांत नाहीत. बऱ्याच ठिकाणी कोणीही यंत्र विकत घ्यावे आणि तपासनीस म्हणून पाटी लावावी. पर्यावरण संस्था पूर्वी तपासनिसांची परीक्षा स्वतः घेत असे. १९९८ मध्ये तिने तो कार्यक्रम बंद केला आणि हे काम खाजगी संस्थांकडे गेले. माझ्या मते हे बरे झाले नाही.

असे का म्हणतो ते सांगतो. रक्ताचा अहवाल चुकला तर तो पकडला जाण्याची काही तरी शक्यता असते. हिमोग्लोबिन ६ लिहून आले आणि समोर बसलेल्या बाईच्या पापण्या आतून लालबुंद असल्या, की मी तपासणी पुन्हा करायला लावतो. रोग्याचे शरीरच साक्ष देते. तरीही सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये सांगावे लागले की प्रयोगशाळेच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. रेडॉनच्या बाबतीत साक्ष द्यायला कोणीच नाही. डोके दुखत नाही, खोकला येत नाही, दम लागत नाही. अहवालात २ लिहिले आणि खरे १२ असले, तर घरातल्यांना ते कधीच कळणार नाही. कर्करोग उमटलाच तर पंधरा-वीस वर्षांनी, आणि तेव्हा तो कागद कोण शोधतो?

चूक व्हायला जागाही पुष्कळ. अल्पकाळाची तपासणी किमान ४८ तासांची असते. तिच्या आधी बारा तास आणि ती चालू असेपर्यंत खिडक्या बंद, दारे येण्याजाण्यापुरतीच उघडायची. घर विकणाऱ्याने रात्री तळघराची खिडकी किलकिली केली की आकडा खाली! तासातासाची नोंद ठेवणारे यंत्र असेल तर जाणकाराला ती अचानक झालेली घसरण दिसते. नवख्याला नुसती सरासरी दिसते. कोळशाची डबी ठेवली असेल तर ती वेळेत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, कारण दर पावणेचार दिवसांत निम्मा रेडॉन आपोआप संपतो. यंत्राची अचूकता ठरावीक मुदतीने पडताळावी लागते. ही शिस्त परीक्षा, वरचेवर नूतनीकरण आणि दप्तर तपासणारा कोणीतरी असल्याशिवाय येत नाही.

परवाना म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारणही आहे. एक खिडकी, दुसरी खिडकी, टेबलाखालचा हात. तिकडच्या लोकांचा आक्षेप निराळा: परवान्याने तपासणी महागते आणि लोक ती टाळतात. यात तथ्य आहे. म्हणूनच पेनसिल्व्हेनियात स्वतःचे राहते घर स्वतः तपासायला प्रमाणपत्र लागत नाही. दुकानातून डबी आणा, सूचना वाचा, ठेवा. ही सूट योग्यच आहे. तेथे फसवणार कोणाला? पण घराच्या सौद्यात दोन्ही बाजूंचे हजारो डॉलर त्या आकड्यावर लोंबकळत असतात. तेथे मोजणारा माणूस बांधील हवाच.

माझी आणखी एक मागणी आहे. तपासणी आणि दुरुस्ती एकाच हातात नसावी. दुरुस्ती म्हणजे जमिनीखालून पाइप घालून पंख्याने वायू छपरावर सोडायचा. ज्याला हे काम मिळणार, त्यानेच आकडा जास्त आहे म्हणून सांगायचे, हे मला पटत नाही. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी तर नक्कीच तिसऱ्या माणसाकडून व्हावी.

तेव्हा मुलाला फोन कराल तेव्हा एवढे विचारा. तपासणाऱ्याचा परवाना क्रमांक घेतला का? तो राज्याच्या यादीत पाहिला का? राज्यात परवान्याचा कायदा नसेल तर त्याच्याकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे? यंत्र कुठे ठेवले होते? तपासणी तळघरात व्हायला हवी, कारण तुम्ही जाल तेव्हा पाहुण्यांची खोली बहुधा तिथेच असेल.