गणवेश कुठपर्यंत?



'गणवेश' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. घरी उर्दूत बोलताना आपण 'यूनिफॉर्म' म्हणतो, कधी 'वर्दी' म्हणतो. मराठीत मात्र गणवेश म्हणतात. गण म्हणजे समूह आणि वेश म्हणजे पोशाख. समूहाने मिळून घालायचा पोशाख तो गणवेश. हा अर्थ लक्षात ठेवा. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

शाळेत गणवेश असावा, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो निराळ्याच गोष्टीचा. शाळा सुटली, मुले घरी गेली, तरीही गणवेशाचे नियम चालू राहावेत का? काही शाळा सांगतात की गणवेशात बाजारात फिरू नका, हॉटेलात बसू नका, संध्याकाळीसुद्धा शर्ट बाहेर काढू नका. कोणी तसे दिसले, तर दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षा होते. हे योग्य आहे का?

या प्रश्नाचे उत्तर मी एकेकाळी फार सहज दिले असते. "योग्यच आहे!" असे म्हटले असते. तेव्हा मी नवीन शिक्षक होतो. बी.एड. करून नुकताच रुजू झालो होतो. मुख्याध्यापकांनी शिस्तीचे काम माझ्याकडे सोपवले होते. मी उत्साहाने नियमांची यादी केली आणि फळ्यावर लिहिली. त्यात एक नियम होता, 'शाळेबाहेर कुठेही गणवेशाचा अपमान होता कामा नये.' अपमान म्हणजे काय, हे मात्र मी लिहिले नव्हते. ते मीच ठरवणार होतो.

आमचे मालेगाव यंत्रमागांचे गाव. दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो आणि संध्याकाळी चहाच्या दुकानांवर गर्दी होते. एके दिवशी मगरिबनंतर मी बाजारातून घरी निघालो होतो. एका चहाच्या गाडीवर मला आमच्या नववीच्या वर्गातला मुलगा दिसला. अंगात शाळेचा पांढरा शर्ट होता. बाह्या वर दुमडलेल्या होत्या. शर्टावर चहाचे डाग पडले होते. तो गिऱ्हाइकांना पेले भरून देत होता. शर्टावर शाळेचा बिल्लाही नव्हता. मला राग आला. मी काही न बोलता पुढे गेलो. पण मनात म्हटले, उद्या बघतो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्याला सगळ्यांसमोर बोलावले. "गणवेश घालून चहा विकतोस? बिल्ला कुठे फेकलास?" असे विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मला वाटले, चूक कबूल आहे म्हणून गप्प आहे. मी त्याला पहिला तास संपेपर्यंत मैदानात उभे केले.

त्यानंतर चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडील आजारी होते, खाटेवर पडून होते. आई कांड्या भरण्याचे काम करत होती. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितले, "सर, चांगला शर्ट एकच आहे. तोच सकाळी शाळेला, तोच संध्याकाळी मामूच्या गाडीवर. रात्री मी धुते. सकाळपर्यंत वाळतो."

मी मुलाकडे पाहिले. "आणि बिल्ला?"

त्याने दप्तरातून बिल्ला काढून दाखवला. रुमालात गुंडाळून ठेवला होता. तो म्हणाला, "सर, शाळेचं नाव खराब होऊ नये म्हणून काढून ठेवत होतो."

मित्रांनो, ज्याला मी शाळेचा अपमान समजलो, तो त्या मुलाने शाळेचा राखलेला मान होता. त्याला माझ्यापेक्षा गणवेशाची किंमत जास्त कळली होती. मी पुन्हा प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांसमोरच, त्याची माफी मागितली. पण माफी मागून प्रश्न सुटला नाही. त्या दिवसापासून मी विचार करू लागलो. गणवेश कशासाठी आहे आणि तो कुठपर्यंत आहे?

प्रथम 'कशासाठी' ते पाहू. शाळेच्या गणवेशाची जुनी उदाहरणे शोधली, तर लंडनमधल्या एका शाळेचे नाव हटकून येते. क्राइस्ट्स हॉस्पिटल हे तिचे नाव. नावात हॉस्पिटल असले, तरी तो दवाखाना नाही. ही शाळा १५५२ साली गरीब आणि अनाथ मुलांसाठी स्थापन झाली. त्या मुलांना अंगभर निळा कोट मिळत असे. आज ती शाळा लंडनबाहेर ससेक्समध्ये आहे आणि तिथली मुले अजूनही तसाच लांब निळा कोट घालतात. म्हणजे हा पोशाख श्रीमंतांच्या मिरवण्यासाठी सुरू झाला नव्हता. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही, त्याला कपडा मिळावा म्हणून तो दिला गेला.

आपल्याकडेही गणवेशाचे मोठे कारण हेच सांगितले जाते. वर्गात यंत्रमाग कारखानदाराचा मुलगा असतो आणि त्याच कारखान्यात काम करणाऱ्या मजुराचाही मुलगा असतो. दोघे एकाच बाकावर बसतात. दोघांच्या अंगावर सारखाच शर्ट असला, की कोण कोणाचा मुलगा हे कपड्यांवरून कळत नाही. शिक्षकाची नजरही दोघांवर सारखी पडते. हा गणवेशाचा खरा फायदा आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे.

पण मग शाळा सुटल्यावर काय? आता सुरुवातीला सांगितलेला अर्थ आठवा. गणवेश हा समूहाचा वेश आहे. समूह पांगला, प्रत्येकजण आपापल्या घरी गेला, की गणवेशाचे काम त्या दिवसापुरते संपते. वकील न्यायालयात काळा कोट घालतो, घरी जाऊन काढून ठेवतो. एस.टी.चा कंडक्टर खाकी कपड्यांत तिकिटे फाडतो, पण रात्री जेवायला बसताना त्याच्या अंगात ते कपडे असावेत की नसावेत, हे महामंडळ ठरवत नाही. मोठ्या माणसांना आपण एवढी मोकळीक देतो. मग मुलांनाच का देत नाही?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. माझे काही सहकारी म्हणतात, "गणवेश म्हणजे शाळेची ओळख. त्या कपड्यांत मुलांनी रस्त्यावर दंगा केला, तर लोक मुलाला नाही, शाळेला नावे ठेवतात." हे म्हणणे खोटे नाही. पालकही म्हणतात, "शाळेचा धाक असला की मुले वाईट संगतीला लागत नाहीत." तेही अगदीच चूक नाही. शिवाय रस्त्यात एखाद्या मुलाला अपघात झाला किंवा लहान मूल वाट चुकले, तर शर्टावरचा बिल्ला पाहून लोक त्याला शाळेत पोहोचवतात.

इंग्लंडमध्ये तर याबाबत कायदाच आहे. तिथल्या २००६ च्या शिक्षण कायद्याने शाळेबाहेरच्या गैरवर्तनासाठीही विद्यार्थ्यावर कारवाई करण्याचा अधिकार शाळेला दिला. मूल शाळेत जाता-येताना किंवा गणवेशात असताना गैरवागले, तर शाळा त्याची दखल घेऊ शकते. पण त्या कायद्यातही एक अट आहे. ही कारवाई वाजवी असली पाहिजे. शिवाय हा अधिकार वागणुकीसाठी आहे. कोणाला मारले, कोणाला त्रास दिला, अशा गोष्टींसाठी आहे. घरच्या गरजेपोटी घातलेल्या शर्टासाठी नाही.

इथेच या प्रश्नाचा खरा गुंता सुटतो, असे मला वाटते. आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक गोष्ट म्हणजे वागणूक आणि दुसरी म्हणजे कपडे. समजा, चार मुलांनी शाळेतून जाताना एखाद्या म्हाताऱ्या भाजीवालीची टोपली उलटवली. शाळेने त्यांना जरूर जाब विचारावा. तो जाब टोपली उलटवल्याबद्दल असेल. त्यांच्या बाह्या दुमडलेल्या होत्या की नव्हत्या, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट, एखाद्या मुलाचा शर्ट बाहेर आला आहे, पण तो कोणाला त्रास न देता बहिणीचे औषध आणायला धावतो आहे. त्याला शिक्षा कशाची?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घराबाहेरचे नियम सगळ्यांवर सारखे पडत नाहीत. ज्याच्या कपाटात दहा जोड आहेत, तो शाळेतून येताच गणवेश बदलतो. नियम त्याला कधी बोचतच नाही. ज्याच्याकडे एक-दोनच जोड आहेत, तो रोज पकडला जातो. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या पात्र मुलांना वर्षाला दोन गणवेश देण्याची आणि त्यासाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तरतूद होती. दोन गणवेश आणि आठवड्याचे सहा दिवस! शिवाय नववी-दहावीच्या मुलांसाठी ती तरतूदही नव्हती. म्हणजे जो गणवेश गरीब-श्रीमंत भेद झाकण्यासाठी आला, त्याचाच नियम संध्याकाळी बाजारात तो भेद उघडा पाडतो.

मुलींचे दुःख तर वेगळेच आहे. मुलगा गणवेशात कोपऱ्यावर उभा राहिला, तर लोक दुर्लक्ष करतात. मुलगी वही घ्यायला दुकानात थांबली, तरी कोणीतरी शाळेत येऊन सांगतो. शाळाही लगेच तिला बोलावून विचारते. बाहेर काय घालायचे, कुठे जायचे, याचा विचार तिच्या घरात आधीच होत असतो. त्यावर शाळेने दुसरा पहारा बसवला, तर त्या मुलीला मोकळा श्वास घ्यायला जागा कुठे उरली?

आपल्या देशात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या कायद्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. मी त्या मुलाला सर्वांसमोर जे विचारले, ते काय होते? मी त्याला हात लावला नव्हता. पण त्याच्या घरची गरिबी मी प्रार्थनेच्या मैदानात सगळ्यांपुढे मांडली होती. तो नववीत होता, चौदा वर्षांच्या पुढे होता, असे म्हणून मी स्वतःला सोडवू शकत नाही. पंधराव्या वर्षी अपमान कमी लागत नाही. कदाचित जास्तच लागतो.

मग नियम कसा असावा? माझे मत असे आहे. विद्यार्थी शाळेसाठी घरातून निघाला की परत घरी पोहोचेपर्यंत गणवेशाचा नियम असावा. घरी पोहोचल्यावर त्याच्या अंगावर कोणते कपडे आहेत, हे त्याच्या घराने पाहावे. वागणुकीने कोणाला इजा झाली, तर कपडे कोणतेही असोत, शाळेने विचारपूस करावी. पण आधी विचारावे, मग ठरवावे. आणि जो काही नियम असेल, तो वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावा. 'अपमान' असा मोघम शब्द त्यात नसावा.

शाळेला बाहेर काही काळजीचे दिसले तर? तर घरी कळवावे. उर्दूतला 'वर्दी' हा शब्द मराठीतही आहे, पण इथे त्याचा अर्थ निराळा होतो. मराठीत वर्दी देणे म्हणजे खबर देणे. शाळेने संध्याकाळच्या वर्दीवरून मुलांना शिक्षा करू नये. गरज पडली तर आई-वडिलांना वर्दी द्यावी. मी त्या रात्रीच त्या मुलाच्या घरी गेलो असतो, तर त्याचे चार दिवस बुडाले नसते आणि मलाही मान खाली घालावी लागली नसती.

मित्रांनो, हे वाचून कोणी असे समजू नये की गणवेशाला किंमत नाही. किंमत आहे, पण ती पहाऱ्याने येत नाही. चहाच्या गाडीवर त्या मुलाला कोणी पाहत नव्हते. बिल्ला काढून ठेव, असे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. तरी रोज संध्याकाळी तो शाळेचा बिल्ला रुमालात गुंडाळून ठेवत होता. तुमच्या शाळेत नियम कसे आहेत? त्यांतले कोणते पटतात आणि कोणते पटत नाहीत? वर्गात उभे राहून सांगा. तुमचे मत माझ्यापेक्षा वेगळे असले तरी चालेल. फक्त आपले मत ठरवण्याआधी समोरच्याला एकदा विचारा, "तुझं काय म्हणणं आहे?" हा प्रश्न मी त्या सकाळी विचारला नव्हता.