रिकाम्या हाताने जाऊ नये



कोणाच्याही घरी प्रथमच जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपल्या घरांतील दंडक आहे. मुले शिक्षणासाठी परदेशी निघाली की त्यांच्या सामानात आपण खाखरे, चिवडा, मेतकूट भरतो. बॅग काट्यावर चढवून एकेक पुडी कमी-अधिक करतो. परंतु गेल्या वर्षी आमच्या पुतण्याकडे जे मागितले गेले, ते त्या बॅगेत नव्हते.

तो आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठात अभियांत्रिकी शिकतो. एका रविवारी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तो खिचडी करीत असता चार विद्यार्थी वाद्ये घेऊन तेथेच बसले. स्पेनच्या मुलीकडे व्हायोलिन, अमेरिकन मुलाकडे गिटार, आणि दोघा आयरिश मुलांकडे बासरी व डफासारखे दिसणारे बोरान. त्यांचे लोकसंगीताचे पथक नुकतेच जमले होते. दोन-तीन धुना झाल्यावर ती मुलगी म्हणाली, “आता तुझ्या घरचे एखादे गाणे आम्हाला शिकव.” चित्रपटगीते त्याला पुष्कळ येत होती. तिला मात्र आजीकडून आलेले गाणे हवे होते. आमचे चिरंजीव निरुत्तर झाले.

त्या विद्यापीठात असा प्रश्न निघावा, यात नवल नाही. मीहॉल ओ सुलवान या संगीतज्ञाने 1994 मध्ये तेथे आयरिश वर्ल्ड अकॅडमी ही संगीत-नृत्याची संस्था उभी केली. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे पारंपरिक संगीताची पदवी घेतात आणि त्यांच्यातूनच पथके जन्माला येतात. ‘ग्विचा’ हे नामांकित पथक असेच जुळले. अमेरिकेतील फिलाडेल्फियाशी नाते असलेला गिटारवादकही त्यात आहे. त्या आयरिश शब्दाचा अर्थ ‘इकडे ये’ असा आहे.

या पथकांची शिस्त पाहण्यासारखी आहे. वादक वर्तुळात बसतात. पुढ्यात कागद नसतो. धून कानाने उचलायची असते. बहुतेक धुनांचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवायचा. ठाऊक नसलेली धून सुरू झाली की नवख्याने वाद्य मांडीवर ठेवून ऐकावे, हा शिष्टाचार. देश कोणता, भाषा कोणती, हे कोणी विचारीत नाही. कान किती लावतोस, एवढेच पाहिले जाते.

हे धन टिकले, त्यात परदेशी गेलेल्यांचाही मोठा वाटा आहे. कॉर्क परगण्यात 1848 साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील तरुणपणीच घर सोडून निघाले आणि पुढे शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. तेथे स्थायिक झालेल्या आयरिश माणसांच्या तोंडून त्यांनी धुना गोळा केल्या. स्वतःला स्वरलेखन येत नसल्याने जेम्स ओनील या सहकाऱ्याकडून त्या लिहवून घेतल्या आणि 1903 मध्ये 1,850 धुनांचा ग्रंथ सिद्ध केला. व्यापाऱ्याने वही सांभाळावी, तशी त्यांनी गाणी सांभाळली.

आमच्याकडे अशी वही कोणी ठेवली नव्हती, हे त्या रात्री कळले. पुतण्याने फोन करून आजीकडे गाणे मागितले. मातोश्रींचे वय 81. प्रथम त्या संकोचल्या. मग डोळे मिटून, त्यांच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या गाऊ लागल्या. साठ वर्षे एका छपराखाली राहूनही माझे थोरले बंधू आणि मी त्या ओव्या प्रथमच ऐकत होतो. चार ओव्यांनंतर त्या थांबल्या. “पुढच्या अक्काला येत होत्या,” एवढेच म्हणाल्या. अक्का म्हणजे आमची मावशी. तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

त्या चार ओव्यांची चाल पथकाने एका सायंकाळी उचलली. शब्दांचे उच्चार मात्र पुतण्याला आठवडाभर घोकून घ्यावे लागले, कारण त्याचेच मराठी अडखळत होते. आता तो दर रविवारी आजीला फोन करतो. पूर्वी तो दोन मिनिटांत संपत असे.

दुकानाचे जुने जमाखर्च आपण कापडात बांधून माळ्यावर जपतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या कंठातील ठेवीची नोंद मात्र कोठेच नसते. म्हणून विनंती अशी की, येत्या सुट्टीच्या दिवशी आजी, आत्या, मामी यांच्याजवळ बसावे आणि एक गाणे मागावे. ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे. कोणी म्हटले, ते कोणाकडून शिकले आणि गाव कोणते, हेही लिहून ठेवावे. घरातील मुलगा वा मुलगी यंदा परदेशी निघणार असेल, तर हे काम बॅग भरण्याच्या आधी उरकावे.