जुन्या ट्रकाच्या दाराचा खटका

हंगामांत माल बाजारपेठेस नेण्याकरितां आपल्यापैकीं कित्येकांजवळ जुना ट्रक आहे. १९८६ सालीं निघालेल्या टाटा ४०७ च्या जातीच्या जुन्या गाड्या अजून कामास येतात. मालकाचें लक्ष इंजिनाकडे व टायरांकडे असतें. दाराकडे मात्र कोणी पाहत नाहीं. खटका लागेनासा झाला कीं सुतळीनें दार बांधून गाडी हांकण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. खड्ड्यांत आदळून सुतळी तुटली तर कडेला बसलेला मजूर बाहेर फेंकला जातो. गाडी उलटली तर तेंच बांधलेलें दार आंतल्यांस बाहेर पडूं देत नाहीं.

वास्तविक दोष पुष्कळदां खटक्याचा नसून बिजागरीचा असतो. दार अर्धें उघडून त्याचें टोंक हातानें वर उचलून पाहावें. तें हाललें तर बिजागरीची पिन अथवा बुश झिजला आहे असें समजावें. दार खालीं उतरल्यामुळें खटका चौकटीवरील खुंटीस नीट भिडत नाहीं. अशा वेळीं नुसती खुंटी सरकविणें म्हणजे रोग सोडून लक्षणास औषध देणें होय. आधीं पिन व बुश बदलावे. मगच खुंटीचे स्क्रू सैल करून ती थोडथोडी सरकवावी.

बिजागरी घट्ट असल्यास खटक्यांत धूळ व वाळलेलें ग्रीस सांचलें असण्याचा संभव असतो. तो डिझेलनें धुवून, पुसून, नवें ग्रीस द्यावें. नंतर दार उघडें ठेवून स्क्रूड्रायव्हरनें खटका फिरवावा. बहुतेक खटक्यांस दोन टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यावर तो ठाम अडकला पाहिजे व मूठ ओढल्यावरच सुटला पाहिजे. हें सारें घरीं एका दुपारीं होण्यासारखें आहे.

परंतु दांते झिजून गोल झाले असतील तर त्यांवर वेल्डिंगचा थर चढवून कानशीनें घासणें आम्हांस मान्य नाहीं. तापल्यानें पोलादाची कठीणता जाते व दांता पुनः लवकर झिजतो. तेथें नवा खटकाच घालावा. स्वावलंबन हा गुण खरा. पण आपल्या हाताची मर्यादा ओळखणें हाही त्याचाच भाग होय.

आठ वर्षांवरील ट्रकास दरवर्षीं फिटनेसचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. परंतु एका दिवसाची तपासणी वर्षभराचे खड्डे सोशीत नाहीं. चाकाची खीळ पाहिल्याशिवाय आपले वाडवडील बैलगाडी जुंपीत नसत. ट्रकाच्या दारासही तोच नियम लावावा, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे.