प्रयोग न करता मिळालेले वीस गुण

14 एप्रिलची जयंती संपते, मंडप उतरतात आणि पंधरा-वीस दिवसांत शाळांना उन्हाळी सुट्टी लागते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभर उशिरा. या मधल्या काळात हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकाने पुढच्या वर्षाचे वार्षिक नियोजन करायचे असते. कोणता घटक कोणत्या महिन्यात, त्याला किती तासिका, कोणता प्रयोग कधी, त्यासाठी कोणते साहित्य लागेल, हे सगळे त्या कागदावर यायला हवे. हा कागद शाळेचा अंतर्गत मामला आहे, असे आपण समजतो. तसे नाही. वस्तीतली कोणती मुलगी अकरावीला सायन्स घेईल आणि कोणती घेणार नाही, याचा निम्मा निकाल मे महिन्यातल्या त्या कागदावरच लागलेला असतो.

प्रत्यक्षात होते काय? गेल्या वर्षीचे नियोजन तारखा बदलून पुन्हा उतरवले जाते. पाठ टाचणाची तयार पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येते, तिची प्रिंट निघते, मुख्याध्यापकांची सही होते आणि फाईल कपाटात जाते. प्रयोगाचे साहित्य दुसऱ्या कपाटात कुलूपबंद असते, कारण ‘फुटलं तर भरून कोण देणार?’ दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात. अनेक शाळांत हे 20 गुण कसे मिळतात, हे दहावी झालेल्या कोणालाही विचारा. प्रयोगवही फळ्यावरून किंवा मागच्या बॅचच्या वहीवरून उतरवायची. निरीक्षण, आकृती, निष्कर्ष सगळे तयार. परीक्षानळी हातात न धरता मूल अठरा-एकोणीस गुण घेऊन बाहेर पडते. शिक्षक म्हणतात, ‘गरिबाच्या पोरांचं नुकसान नको, म्हणून देतो.’

मित्रांनो, ही दया नाही, ही चोरी आहे. गुण देऊन शिक्षण काढून घेण्याची ही चोरी आहे. पकडली जात नाही, कारण ज्याच्या घरी चोरी झाली तोच पेढे वाटत असतो.

ही चोरी सगळ्यांच्या घरी सारखी होत नाही. समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे, त्यांचे मूल शाळेत प्रयोग झाला नाही तरी अडत नाही. त्याचा मामा इंजिनिअर असतो, मावशी डॉक्टर असते, हजारो रुपये फीचा क्लास असतो. आपल्या वस्तीतल्या पहिल्या पिढीच्या मुलाकडे एकच गोष्ट असते, शाळेतल्या विज्ञान शिक्षकाची तासिका. तीच पोकळ निघाली तर अकरावीच्या प्रयोगशाळेत ते मूल पहिल्या दिवशीच गोंधळते. मग तेच शिक्षक सांगतात, ‘यांची पोरं सायन्सला टिकत नाहीत, आर्ट्सला घाला.’ आधी पाया खणायचा नाही आणि मग भिंत पडली म्हणून विटांना दोष द्यायचा, ही मनुवादाची जुनीच रीत आहे.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी 1942 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिले. अनुसूचित जातींना खरी मदत होईल ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाने, पण ते त्यांच्या आर्थिक ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून सरकारने खर्च उचलावा, अशी मागणी त्यांनी त्यात केली. आज शिष्यवृत्ती आहे, आरक्षण आहे. पण शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत पोचायला आधी नववी-दहावीचे विज्ञान समजावे लागते. तिथेच वाट अडवली, तर वरची दारे उघडी असून उपयोग काय?

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती सगळी खोटी नाही. सुट्टीतही बीएलओचे काम, निवडणूक आली की निवडणूक, वर्षभर ऑनलाइन माहिती भरणे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येणार नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत, तेही तयारीच्या तासांसह. हा कायदा आठवीपर्यंतचा असला, तरी त्यामागचे तत्त्व स्पष्ट आहे. तयारी हे काम आहे, उपकार नव्हे. म्हणून शिक्षकाच्या तयारीचा वेळ खाणाऱ्या सरकारविरुद्ध आपण शिक्षकांच्या सोबत उभे राहिले पाहिजे. पण सरकारने वेळ खाल्ला, हे खोटी प्रयोगवही भरून घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरी सबब असते, ‘प्रयोगशाळाच नाही.’ जिथे ती नाही, तिथे संस्थाचालकांना आणि शासनाला जाब विचारलाच पाहिजे. तोपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. आम्ल आणि आम्लारीचा धडा पाच रुपयांत होतो. खोक्याला छिद्र पाडून सूचिछिद्र कॅमेरा बनतो. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी-प्रयोग करून दाखवले, मराठीतही ते फुकट उपलब्ध आहेत. यासाठी पैसा कमी आणि पूर्वतयारी जास्त लागते. ती मे महिन्यात होते, ऑक्टोबरात घंटा वाजल्यावर नाही.

नियोजनाचा दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. प्रयोग कशासाठी करायचा? संविधानाच्या कलम 51क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते आले. विज्ञानाचा शिक्षक ते पाळणार नसेल, तर दुसरे कोण पाळणार?

पाण्याचा धडा घ्या. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी 108 घागरी पाणी उपसून आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप टाकून, मंत्र म्हणत ते ‘शुद्ध’ केले. पाण्याची शुद्धता शिकवताना वर्गात हा प्रश्न का विचारू नये? माणसाच्या ओंजळीने पाण्याच्या रेणूत कोणता बदल होतो? शेण टाकल्यावर सूक्ष्मजीव वाढतात की घटतात? रक्तगट शिकवताना विचारा, रक्तपेढीच्या पिशवीवर जात का लिहीत नाहीत? यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, पाठ टाचणात एक ओळ वाढवावी लागते.

उत्क्रांतीचेही तसेच. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा 2023 मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. पण पुस्तकात असलेला धडा वर्गात शिकवला जातोच असे नाही. ‘स्वतः वाचा, दोन प्रश्न येतात’ असे म्हणून तो गुंडाळताही येतो. ज्या समाजाला मुख, बाहू, मांड्या आणि पायांतून माणसे जन्मल्याची गोष्ट हजारो वर्षे ऐकवली गेली आणि पायाखाली ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलासाठी हा धडा दोन गुणांचा नाही. सगळ्या माणसांचे पूर्वज एकच, हे त्याला पुराव्यासह कळण्याची ती पहिली संधी आहे.

आणि हा दृष्टिकोन फक्त शाळेने आणावा, असेही नाही. तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका. हे आपण विहारात ऐकतो आणि घरी परतल्यावर मनगटाला मंतरलेला धागा बांधून मुलीला परीक्षेला पाठवतो. तिने ‘हा धागा कसा काम करतो?’ असे विचारले तर रागावू नका. तिला विज्ञान समजू लागले आहे.

आता कामाचे बोलू. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक वस्तीतून पाच-सात तरुण-तरुणींनी पालकांना सोबत घेऊन शाळेत जावे आणि विज्ञानाचे वार्षिक नियोजन दाखवा म्हणावे. किती प्रयोग ठरले, कोणत्या महिन्यात, मुले स्वतः करणार की लांबून बघणार, कपाटाची चावी कोणाकडे, एवढेच विचारायचे. भांडायला नको, पण लेखी अर्ज हवा आणि त्याची पोच हवी. चांगले काम करणारे शिक्षक असतील तर त्यांना साहित्य गोळा करून द्या. असे शिक्षक आहेत आणि ते एकटे पडलेले आहेत. मंडळाने डीजेच्या एका रात्रीच्या खर्चातून परीक्षानळ्या, भिंगे, चुंबक आणि लिटमस घेतले, तर एका हायस्कूलचे वर्ष निघेल. अभ्यासिकेत रविवारी एक प्रयोग ठेवा. सायन्स शिकणाऱ्या आपल्या ताई-दादांनी तो मुलांच्या हातून करून घ्यावा.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञान लेखक व्हायचे होते. 17 जानेवारी 2016 ला आपण त्याला गमावले. त्याच्या नावाने आपण मेणबत्त्या लावतो, लावल्याच पाहिजेत. पण तसे स्वप्न बघू शकणारी मुलगी आज कुठल्यातरी आठवी-नववीच्या वर्गात बसून दुसऱ्याचा निष्कर्ष आपल्या वहीत उतरवत आहे. तिला वीस गुणांची भीक नको. तिच्या हक्काची परीक्षानळी तिच्या हातात द्या, निष्कर्ष ती स्वतः काढेल.

जय भीम! जय संविधान!