आम्ही माशा बांधतो

‘हेडमास्तरांना माशा मारण्यावाचून उद्योग उरलेला नाही,’ असे आमच्या स्टाफरूममध्ये बोलले जाते. दुरुस्ती सुचवतो: मी माशा मारीत नाही, बांधतो. गळाच्या दांडीवर रेशमी धागा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याच्या मानेचे पीस फिरवायचे. केस उभे राहिले की झाली माशी. तिला अर्धा तास लागतो. वैनगंगेतला चेलवा ती अर्ध्या क्षणात थुंकतो, आणि मी खूश!

म्हणे, हा साहेबी चाळा. मग बाराव्या शतकात चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद वर्णिला, तो कोणत्या साहेबाचे ऐकून? राजाचा तो विनोद, मास्तराचा चाळा!

हिंसेचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. गळ बोचतोच. म्हणून त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतो, मासा ओल्या हाताने सोडतो, तरी बोचतो. पण हे अहिंसक सद्गृहस्थ डोहात सुरुंग फुटतो तेव्हा कुठे असतात? सुरुंग लावून, विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले. पोटासाठी जाळे टाकणाऱ्या ढिवराशी माझे भांडण नाही. त्याचाच डोह यात रिकामा होतो.

माशी बांधणाऱ्याला खरी माशी पाहत तासन्‌तास काठावर बसावे लागते. पाणी नासले की तिच्या काही जाती आधी नाहीशा होतात. गेल्या वैशाखात काठावर एकही उडाली नाही. पाण्यावर पांढरी पोटे तेवढी तरंगत होती. काठी न उघडताच परतलो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते सांगितले. कोणी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.